सिघ!

आर्ची कॉमिक्समधल्या बेटी नावाच्या मुलीच्या डोक्यावरच्या फुग्यात चार इंग्रजी अक्षरं असायची. एस, आय, जी, एच. आम्ही ती 'सिघ' अशी वाचायचो. मराठी माध्यमातल्या सातवीच्या दोन मुली, दुपारची वेळ, जिन्याची तिसरी पायरी, दोघींच्या मांडीवर मिळून एक पुस्तक, आणि पान उलटायच्या आधी मोठ्यांदा एकसुरात, "सिघ!" आमची समजूत अशी की हा अमेरिकन मुलींचा काहीतरी खास आवाज असणार, आपल्याकडे 'इश्श' असतं तसा. गणिताचा पेपर अवघड गेला की सिघ. डब्यात पुन्हा दुधी निघाला की सिघ. पुढे केव्हातरी इंग्रजीच्या धड्यात तो शब्द आला, बाईंनी त्याचा अर्थ 'उसासा' आणि उच्चार 'साय' असा सांगितला, आणि आम्ही दोघी वर्गाच्या दोन टोकांना माना खाली घालून हसू दाबत बसलो. घरी आल्यावर ठरवलं, आपलं सिघच बरं. साय दुधावर असते.

तो जिना नाशिकरोडच्या प्रेसच्या क्वार्टर्समधला. साल १९८७. नाशिकरोडला कुणाचे वडील 'प्रेसमध्ये' आहेत म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनातही येत नाही. एका प्रेसमध्ये नोटा छापतात, दुसऱ्या प्रेसमध्ये टपालाची तिकिटं, स्टॅम्पपेपर असली सरकारी कागदपत्रं. माझे बाबा दुसऱ्या प्रेसमध्ये होते. भोंगा झाला की अख्खी कॉलनी घड्याळ लावायची.

आणि आर्ची आमच्यापर्यंत आला तो रद्दीतून. देवळाली कॅम्प तिथून सात-आठ किलोमीटरवर. तिथे पारशी मंडळींचे जुने बंगले, हवापालटाला येणारे मुंबईकर, लष्करातली बदलीवर फिरणारी कुटुंबं. त्यांची वाचून झालेली इंग्रजी पुस्तकं किलोवर विकली जायची आणि त्यातली काही बिटको चौकाजवळच्या एका रद्दीच्या दुकानात येऊन पडायची. दुकानदाराला इंग्रजी येत नव्हतं, पण कुठलं पुस्तक कुणाला लागतं ते बरोबर कळायचं. दोन रुपये द्यायचे, वाचून परत आणलं तर एक रुपया परत. त्याच्याकडे आम्ही आधी इंद्रजाल कॉमिक्स न्यायचो, मराठीतला वेताळ आणि मँड्रेक. एकदा त्याने स्वतःहून गठ्ठ्याखालून एक जाडजूड, तळहाताहून जरा मोठं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर एक लाल केसांचा मुलगा दोन मुलींच्या मध्ये अडकलेला होता.

ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिव्हरडेल नावाचं गाव. त्यातला आर्ची अँड्र्यूज, कायम सतरा वर्षांचा, धांदरट, डोक्याला दोन्ही बाजूंना शून्य-फुलीच्या खेळासारख्या रेघा. बेटी कूपर, सोनेरी पोनीटेल, साध्या घरातली, आर्चीची मोडकी गाडीसुद्धा दुरुस्त करून देणारी. व्हेरॉनिका लॉज, काळेभोर केस, गावातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसाची मुलगी. दोघींना आर्ची हवा, आर्चीला दोघी हव्यात. रेजी मँटल, चापूनचोपून बसवलेल्या केसांचा, दुसऱ्याच्या खोड्या काढण्यात पटाईत, आणि गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत हमखास तोंडावर आपटणारा. आणि जगहेड जोन्स. डोक्यावर मुकुटासारखी कातरलेली टोपी, मुलींशी देणंघेणं नाही, कुणाच्याही घरी जेवायच्या वेळेला हजर. सहा पानांत गोष्ट संपते आणि सगळे पुन्हा होते तिथे येतात.

पुस्तकावर 'डायजेस्ट' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे आई सुरुवातीला फसली. तिच्या ऑफिसातल्या एका साहेबांकडे रीडर्स डायजेस्ट यायचं, तेव्हा डायजेस्ट म्हणजे काहीतरी ज्ञानाचं, असा तिचा हिशोब. मुलगी सुट्टीत इंग्रजी डायजेस्ट वाचते हे तिने दोन शेजारणींना सांगूनही झालं होतं. मग एक दिवस समुद्रकिनाऱ्याची गोष्ट उघडी राहिली. पुढचे काही महिने आर्ची भूगोलाच्या नकाशावहीत राहायला गेला.

माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी हे सगळं वाचलं, तिला इथे व्हेरॉनिकाच म्हणते. तिच्या वडिलांचा हार्डवेअरचा मोठा व्यवसाय, दारात पांढरी मारुती, घरात रंगीत टीव्ही. वर्गात तेव्हा असं दुसरं घर नव्हतं. त्यामुळे आमच्या दोघींत बेटी कोण आणि व्हेरॉनिका कोण, हा प्रश्न कधी पडलाच नाही. म्हणजे मला पडला नाही. मी आपली वेणीवाली, गुणी, मनात सिघ करणारी बेटी होते. तिला कुणी विचारलं नव्हतं.

रिव्हरडेलची मुलं शाळा सुटली की पॉप टेटच्या दुकानात जाऊन 'मॉल्ट' पितात. हे मॉल्ट म्हणजे काय, यावर आम्ही एक अख्खा मे महिना घालवला. शब्दकोशात 'मोड आणून वाळवलेलं धान्य' असं काहीतरी निघालं. मोड आलेली मटकी दुधात? मग एकदा भाऊ टायफॉइडने आजारी पडला आणि त्याच्यासाठी आणलेल्या हॉर्लिक्सच्या बाटलीवर 'माल्टेड' हा शब्द सापडला. थंड दुधात चार चमचे हॉर्लिक्स, वर साखर, स्टीलच्या उंच पेल्यात दोन स्ट्रॉ. आजाऱ्याचं पेय आम्ही जिन्यावर बसून डेटवर आल्यासारखं प्यायलो, आणि आई बाटलीची पातळी बघून जे काय बोलायचं ते बोलली. गंमत अशी की आम्ही अगदी बरोबर होतो. हे मला कळायला तीस वर्षं लागली. हॉर्लिक्स बंधू मूळचे इंग्रज, पण त्यांनी माल्टेड मिल्कचा कारखाना काढला तो अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावी, आणि १८८३ मध्ये तिथेच त्याचं पेटंट घेतलं. लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी म्हणून निघालेली ती पावडर अमेरिकेत सोडा-आइस्क्रीमच्या दुकानांत गेली आणि तिचं मॉल्ट झालं. आपल्याकडे ती आजाऱ्याच्या उशाशीच राहिली.

आणखी एक कोडं कपड्यांचं होतं. एका गोष्टीत व्हेरॉनिकाच्या पँटचे पाय घंटेसारखे रुंद, पुढच्या गोष्टीत केस टोपलीसारखे उंच फुगवलेले, त्याच्या पुढच्या गोष्टीत शाळेत कॉम्प्युटर. आर्चीची गाडी कधी आमच्या आजोबांच्या काळातली, कधी नवी. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की अमेरिकेत रोज वेगळी फॅशन असते. खरी भानगड व्यापाराची होती. १९७३ पासून कंपनीने ही डायजेस्ट काढायला सुरुवात केली आणि त्यांत जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा छापल्या. साठचं दशक, सत्तरचं, कालपरवाचं, सगळं एका बाडात, वर्षाचा उल्लेख नाही, क्रम नाही. दुकानात बिल करायच्या रांगेशेजारी ठेवायचं, पोराने उचललं की आई पैसे देते. आमच्या मनात जी अमेरिका तयार झाली ती अशी, वीस-पंचवीस वर्षांची खिचडी. ती कुठल्याच एका साली अस्तित्वात नव्हती.

एका रविवारी बाबांनी ते पुस्तक हातात घेतलं. मला वाटलं, आता रद्दीत जाणार. पण त्यांनी गोष्ट वाचलीच नाही. पान डोळ्यांजवळ नेलं, उजेडात तिरकं धरलं, मग कपाटातून भिंग काढलं. "ये इकडे." भिंगाखाली व्हेरॉनिकाचा गाल नाहीसा झाला होता. होते ते नुसते गुलाबी ठिपके, ओळीने, शाळेच्या कवायतीसारखे. आर्चीचे केस म्हणजे पिवळ्यावर पेरलेले लाल ठिपके. ओठांचा लाल रंग ओठांच्या रेषेबाहेर केसभर सांडलेला. "रजिस्टर हललंय," बाबा म्हणाले. रंगावर रंग नेमका बसला नाही की त्यांच्या खात्यात असं म्हणतात. "आमच्याकडे असं तिकीट गेटबाहेर जात नाही." मग बोटांत पान चोळून बघितलं. "कागद तर पार भिकार. टीपकागदच म्हण. शाई पसरते." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. दुसऱ्या प्रेसवाल्याने हलक्या मालावर काम कसं उरकलंय ते बघत होते.

त्या गठ्ठ्यात एक जुनं पातळ कॉमिकही होतं, पिन मारलेलं. त्याच्या मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक चिमुकलं पांढरं तिकीट छापलेलं. ते दिसल्यावर मात्र बाबांचा चेहरा खुलला. "हे काय, दात नुसते छापलेत! खरे पाडायला मशीन लागतं." दात म्हणजे तिकिटाच्या कडेची ती नागमोडी भोकं. तिकिटावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे कॉमिक्स कोडच्या मंडळाने मंजूर केलेलं आहे.

ते तिकीट म्हणजे एका मोठ्या भांडणाचा अवशेष होता. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध मोहीम उभी राहिली. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आरोप केला की कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात. सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. सरकारने कायदा करण्याआधी प्रकाशकांनी आपणच आपल्यावर नियम घालून घेतले: रक्त कमी, भुतं बंद, आईवडिलांचा मान राखायचा, प्रेमकथांत घर आणि लग्नसंस्थेचं पावित्र्य जपायचं. जे कॉमिक पास होईल त्यावर ते तिकीट. या प्रकाशकांच्या संघटनेचं अध्यक्षपद पुढे कितीतरी वर्षं जॉन गोल्डवॉटर यांच्याकडे होतं, म्हणजे आर्चीच्याच मालकांपैकी एकाकडे. भयकथा छापणाऱ्यांची दुकानं बंद झाली, आणि ज्याच्या मालात मुळात रक्तच नव्हतं त्याचा धंदा तेजीत राहिला. मला यात कट वगैरे दिसत नाही, पण जेवणाचा बेत ठरवायला शाकाहाऱ्याला बसवलं की काय होतं ते दिसतं. थोडक्यात, आई ज्याला चावट म्हणत होती ते त्या देशातलं सगळ्यांत सोज्ज्वळ वाचन होतं. तेव्हा हे माहीत असतं तरी तिला पटवायची माझी छाती नव्हती.

त्या भिकार कागदाचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो थेट माझ्या वहीवर. जुन्या कॉमिक्समध्ये जवळजवळ प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हाने संपतं. "मी घरी जातोय!" "आज मंगळवार आहे!" कारण म्हणून असं सांगतात की स्वस्त कागदावर पूर्णविरामाचा बारीक टिंब छपाईत उडून जायचा. उद्गारचिन्ह उभं असतं, ते टिकतं. मला बारा वर्षांची असताना यातलं काही माहीत नव्हतं. इंग्रजी असंच लिहितात अशी माझी खात्री झाली. 'माझी गाय' या निबंधात मी लिहिलं की गाय हा पाळीव प्राणी आहे! तिला चार पाय आहेत! बाईंनी तांबड्या शाईने सगळी चिन्हं गोल केली आणि खाली लिहिलं, 'दिवाळी आहे का?' इंग्रजीतली सवय हळूहळू गेली. मराठीत मात्र ती येऊन बसली होती आणि तिथे कुणी हटकलं नाही.

आर्ची पहिल्यांदा छापला गेला तो 'पेप कॉमिक्स'च्या बाविसाव्या अंकात. अंकावरचा महिना डिसेंबर १९४१, म्हणजे ज्या महिन्यात पर्ल हार्बरवर बाँब पडले तोच. प्रकाशन संस्थेचं नाव एमएलजे, मॉरिस कॉइन, लुई सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर या तीन भागीदारांची आद्याक्षरं. मासिकाचा खरा नायक होता शील्ड, अमेरिकेचा झेंडाच अंगावर चढवलेला एक बलदंड वीर. आर्ची आत कुठेतरी कोपऱ्यात. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बेटीसमोर शायनिंग मारतोय आणि लोकांनी आपल्याला 'चिक' म्हणावं म्हणून हट्ट धरून बसलाय. जगहेड त्या पहिल्या गोष्टीतही आहे. व्हेरॉनिका आली पुढच्या वर्षी, एप्रिल १९४२ च्या अंकात. बघता बघता झेंडेवाला वीर मागे पडला आणि १९४६ मध्ये कंपनीने स्वतःचंच नाव बदलून आर्चीचं लावलं.

ही पात्रं कागदावर उतरवली बॉब मोंटाना या तरुणाने. आईवडील नाटकमंडळीतले, गावोगाव हिंडणारे. पोराची शाळेची काही वर्षं गेली मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल या गावात, मेरिमॅक नदीकाठच्या, बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या. शाळेतले मास्तर, मुलं-मुली यांची चित्रं तो डायरीत काढायचा. रिव्हरडेलच्या शाळेत त्या शाळेचा बराच अंश आहे असं मानतात. पुढे पात्रं नेमकी कुणाची यावरून मोंटाना आणि गोल्डवॉटर या दोन घराण्यांत वाद झाला आणि मधला मार्ग निघाला: कल्पना एकाची, मूळ चेहरे दुसऱ्याचे. मला त्या सगळ्यातली एक गोष्ट लक्षात राहिली. आर्चीला जन्म दिल्यावर काही महिन्यांतच मोंटाना सैन्यात भरती झाला आणि चार वर्षं सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन खात्यात, राहिला. आर्चीला मात्र कधीच बोलावणं आलं नाही. सतरा वर्षांचा, धडधाकट, अमेरिकन मुलगा, आणि जर्मनी, कोरिया, व्हिएतनाम, कुठेही जावं लागलं नाही. एक वर्षाने मोठा झाला असता तर गेला असता.

आणि आम्ही जी बेटी-व्हेरॉनिका बघत मोठ्या झालो, ती मोंटानाची नाहीच. ती डॅन डिकार्लोची. डिकार्लोचा जन्म १९१९ चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, बेल्जियममध्ये असताना जोसी नावाची फ्रेंच मुलगी भेटली, तिच्याशी लग्न केलं. आधी दहाएक वर्षं दुसऱ्या कंपनीसाठी 'मिली द मॉडेल' हे कॉमिक काढलं आणि मग आर्चीकडे आल्यावर त्याने मुलींना जो चेहरा दिला तो कंपनीचा छापच झाला: टपोरे डोळे, इवलंसं वर वळलेलं नाक. बायकोच्या नावाने एक पात्रही काढलं, जोसी. त्या जोसीवर सिनेमा निघायचं ठरलं तेव्हा हक्कासाठी तो कोर्टात गेला. चाळीसहून अधिक वर्षं ज्या कंपनीसाठी काढलं तिने त्याला काम देणं थांबवलं, कोर्टात तो हरला आणि सिनेमा आला त्याच वर्षी, २००१ च्या डिसेंबरात, वारला. माझ्याजवळ उरलेली तीन डायजेस्ट मी अलीकडे परत काढून बघितली. बहुतेक गोष्टींवर चित्रकाराचं नाव नाही. लेखकाचं नाही. फ्रँक डॉइलने या लोकांच्या हजारो गोष्टी लिहिल्या, जगहेडचं ते पेंगुळलेलं, लवचिक अंग सॅम श्वार्ट्झच्या हातचं, हॅरी लुसीचा आर्ची पडायचा तेव्हा खरोखर हाड मोडल्यासारखा पडायचा. सगळे निनावी. बाबांच्या तिकिटांसारखेच. तिकिटावर कधी छापणाऱ्याचं नाव असतं का?

यात वयाचा हिशोब मांडून बघितला तेव्हा मी जरा चरकलेच. १९६९ मध्ये आर्ची अमेरिकेतलं सगळ्यांत खपाचं कॉमिक होतं, अंकामागे पाच लाखांच्या वर प्रती. त्याच वर्षी आर्चीच्या कार्टूनमधल्या बँडचं, म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्या बँडचं, 'शुगर शुगर' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या वार्षिक यादीत पहिलं आलं. आणि त्या वर्षी डिकार्लो होता पन्नाशीचा, मोंटाना एकोणपन्नास, डॉइल बावन्न. चष्मे लावलेले, टक्कल पडत चाललेले, घराचे हप्ते फेडणारे बापे टेबलाशी वाकून सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या पोनीटेल काढत होते. म्हणूनच रिव्हरडेलच्या पोरांची भाषा कायम जराशी शिळी, विनोद बेताचे, आणि शाळेचे मास्तर इतके प्रेमाने काढलेले. मिस्टर वेदरबींचं टक्कल आणि मिस ग्रंडीचा अंबाडा काढताना चित्रकाराचा हात जास्त मोकळा सुटलेला दिसतो. त्यांच्यासाठी ही सगळी आठवण होती. आम्ही जिन्यावर बसून तेच पान येणाऱ्या दिवसांचं वेळापत्रक म्हणून पाठ करत होतो. अकरावीला गेलो की असं होणार: लॉकर, डान्स, समुद्रकिनारा, आणि दोघींच्या मध्ये अडकलेला एक मुलगा. आता मी एक्कावन्न वर्षांची आहे. चष्मा लावून, घराचे हप्ते फेडून झाल्यावर, टेबलाशी वाकून नाशिकरोडचा जिना लिहितेय.

व्हेरॉनिकाने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, एकदा एक शोध लावला होता. अंगठा ठेवून बेटीचे केस झाकले. मग दुसऱ्या चौकटीतल्या व्हेरॉनिकाचे झाकले. "बघ गं. एकच आहेत." खरंच एकच होत्या. तेच डोळे, तेच नाक, तीच हनुवटी, तीच कंबर. मी एक एक पान उलटून अंगठा ठेवून बघत गेले. केस सोडले तर फरक फक्त बापाच्या पैशांचा. (पुढे कळलं की हे वाचकांच्या कधीच लक्षात आलेलं आहे, त्यावर विनोदही आहेत. पण जिन्यावर तो शोध आमचा होता.) मला ते मुळीच आवडलं नाही. "नाही गं, बेटीचा चेहरा चांगला आहे," मी म्हणाले. "चांगला म्हणजे स्वभावाने." तिने खांदे उडवले आणि आईने दिलेलं तिसरं थालीपीठ उचललं. आमच्याकडे ती जवळजवळ रोज असायची, संध्याकाळी. तिची आई आजारी असायची आणि तिच्याकडे स्वयंपाकाला बाई होत्या, एवढंच मला माहीत होतं. त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

अकरावीला आम्ही नाशिकला कॉलेजात गेलो. लॉकर नव्हते, डान्स नव्हता. आमचा आर्ची होता, खाली वळलेल्या हँडलच्या सायकलवरून येणारा. दोन वर्षांत तो माझ्याशी जे बोलला ते सगळं मिळून "केमिस्ट्रीची वही देतेस?" एवढं होतं, आणि त्यावर मी एक अख्खी मालिका रचली होती. मग एकदा पावसात बस चुकली आणि व्हेरॉनिकाच्या वडिलांच्या मारुतीतून तो नाशिकरोडपर्यंत आला. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मागे ते दोघं. मी त्या दिवशी सर्दीने घरी होते. दुसऱ्या दिवशी तिने सगळं मला सांगितलं, अगदी सहज, बिस्किटं कुठली खाल्ली तेसुद्धा. मी ऐकून घेतलं.

गॅदरिंगला शेलापागोटी असायची, आम्ही फिशपाँड म्हणायचो. पुठ्ठ्याच्या खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, स्टेजवरून वाचून दाखवायच्या, ज्याच्यावर असेल त्याने वर जाऊन ती हसत घ्यायची. मी डाव्या हाताने लिहिलं.

गाडी पप्पांची! बंगला पप्पांचा!
हिचं स्वतःचं काय?! फक्त तोरा फुकाचा!

मंडपभर हशा झाला. सायकलवालाही हसला, मी नेमकी त्याच्याकडेच बघत होते. ती वर गेली, चिठ्ठी घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, खाली येऊन माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली. "वडा खायचा?" तिने विचारलं. बारावीनंतर ती पुण्याला गेली, मग लग्न होऊन बंगळूरला. पत्रं, मग फोन, मग व्हॉट्सॲप. तुटलं काहीच नाही. मी सांगितलंही काहीच नाही.

आर्चीला कुणाशी लग्न करायचं ते ठरवायला कंपनीला २००९ साल उजाडलं, आणि तेव्हाही त्यांनी धीर केला नाही. सहाशेव्या अंकात तो आठवणींच्या रस्त्यावरून उलट्या दिशेने चालत भविष्यात जातो आणि पुढच्या अंकात व्हेरॉनिकाशी लग्न करतो. सहाशेतिसाव्या नव्हे, सहाशे तीनाव्या अंकापासून परत त्याच रस्त्याने जातो आणि बेटीशी करतो. पाच वर्षांनी एका वेगळ्या मालिकेत मित्राला वाचवताना गोळी लागून मेलासुद्धा. बाकीच्या मालिकांत जिवंत होताच. मला ते लग्नाचे अंक कुणीतरी पाठवले होते, मी चाळले आणि ठेवून दिले.

२०२३ च्या डिसेंबरात झोया अख्तरचा हिंदी 'द आर्चीज' नेटफ्लिक्सवर आला. त्यातलं रिव्हरडेल म्हणजे १९६४ मधलं अँग्लो-इंडियन लोकांचं डोंगरातलं गाव. मी बघताना देवळालीचे बंगले शोधत होते. सिनेमा अर्धा झाला असेल नसेल, तिचा बंगळूरहून फोन आला. तीही बघत होती. दोघींनी फोन कानाला धरून उरलेला बघितला, म्हणजे त्यावर बोलत राहिलो, बघितला कमीच.

"तुझी व्हेरॉनिका काही जमली नाही गं यांना," मी म्हणाले.

"माझी कशी?"

"म्हणजे काय, आपल्यात तूच ना व्हेरॉनिका. मी बेटी."

ती इतकी हसली की मला फोन लांब धरावा लागला. "अगं, मी जगहेड होते. तुमच्याकडे खायला यायचे मी. आईचं बरं नसायचं तेव्हा तुझ्या आईने मला तीन वर्षं जेवू घातलंय. तुझ्या त्या आर्चीचं मला काय पडलं होतं? तो गाडीत बसला तो अख्खा रस्ता तुझ्या केमिस्ट्रीच्या वहीबद्दल बोलत होता."

मी म्हणाले, "हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. मग गॅदरिंग झालं." ती जरा थांबली. "आणि तू बेटीबिटी काही नव्हतीस हं. तू रेजी."

मला काय बोलावं सुचेना. सिनेमातलं गाणं तिच्याकडे दोन सेकंद मागून चालू होतं.

"चिठ्ठी आहे अजून माझ्याकडे," ती म्हणाली. "डाव्या हाताने लिहिलीस, तेवढी अक्कल होती. पण दोन ओळींत चार उद्गारचिन्हं? अख्ख्या कॉलेजात दुसरं कोण देत होतं गं?"

मग तिने विचारलं, भाजणी अजून घरी करतेस की विकतची आणतेस.